मांजराचं तिकीट

रनाळे हे नंदुरबार तालुक्यातलं गाव. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधे, जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गावर त्याचं लहानसं स्टेशन आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण त्याला अजून स्वतःचा विमानतळ नाही. ज्या रुळांवर रनाळे आहे त्या रुळांच्या दोन्ही अंगांना मात्र विमानतळ आहेत: पश्चिमेला सुरत, पूर्वेला जळगाव. रनाळ्यातल्या एखाद्या घरचं मांजर उद्या नोकरीनिमित्त निघालेल्या मुलाबरोबर बंगळुरूला, किंवा लेकीबरोबर न्यू जर्सीला जायचं ठरलं, तर विमानाची पायरी दिसण्याआधी त्याला शंभर किलोमीटरहून अधिक वाट रुळांनी किंवा रस्त्यानं कापावी लागेल. इतिहासही याच क्रमानं घडला आहे. मांजराला विमानात नेण्यासाठी आज जे दाखले, जो पिंजरा आणि जी अटींची यादी लागते, ती विमानयुगानं नव्यानं घडवलेली नाही. रेल्वेच्या नुकसानभरपाईचं कलम, साथीच्या रोगांची धास्ती आणि निर्यातीत गुदमरून मेलेल्या माकडांची लाज या तीन ठिकाणांहून ती आली. पाळणाऱ्याच्या मायेचा तिच्यातला वाटा फार उशिरा आला आणि अजूनही थोडाच आहे. म्हणून मांजराच्या विमानप्रवासाचा इतिहास मोठ्या शहराच्या विमानतळावरून पाहण्यापेक्षा रनाळ्याच्या फलाटावरून पाहिला तर अधिक नीट कळतो.

मांजर आणि प्रवास यांचं आपल्याकडे मुळातच वाकडं मानलं गेलं. निघताना मांजर आडवं गेलं की माणूस दोन पावलं मागे येतो, पाणी पितो आणि मग उंबरा ओलांडतो. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं गावोगावी म्हणतात. घर बदलताना गुरंढोरं, कोंबड्यांचं डालगं, सारं गाडीत चढे. मांजर तेवढं मागे राही. त्याच्या वाट्याला प्रवास यायचा तो बहुधा शिक्षा म्हणून. फार दूध सांडू लागलेला बोका किंवा दर हंगामाला विणारी भाटी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची, आणि बऱ्याचदा ती दोन दिवसांनी आपसूक दारात हजर व्हायची. मारायचं मात्र नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत घराघरात पक्की होती. म्हणजे मांजराच्या जिवाला मोल होतं, त्याच्या हत्येला प्रायश्चित्त होतं, पण त्याला बरोबर घेऊन जाण्याची रीत नव्हती. त्यासाठी वेगळं भांडं, वेगळी दोरी, वेगळा शब्द असं काही आपल्या घरांत तयार झालं नाही. बैलाला वेसण, घोड्याला लगाम, पोपटाला पिंजरा; मांजराला फार तर झाकणाची टोपली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मांजराला जागेची ओढ असते. ओळखीचा वास, ओळखीची भिंत सुटली की ते घाबरतं, खाणं सोडतं. मग त्याला विमानात कोंबण्याचा अट्टहास कशाला? मांजराचा स्वभाव असा आहे हे खरंच, आणि ज्याला थोड्याच दिवसांत परत यायचं आहे त्यानं मांजर घरीच, शेजाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावं हे उत्तम. पण मांजर प्रवासासाठी जन्मलेलंच नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या एकाच उपजातीपासून आलेली आहेत. खान्देशातल्या कणगीखाली उंदराची वाट पाहत बसणाऱ्या मांजराचे पूर्वज कधीतरी व्यापाराच्या वाटेनं, धान्याच्या पोत्यांबरोबर, गलबतांतून नाहीतर तांड्यांतून इकडे आले. जहाजावर मांजर ठेवणं ही तर जगभरच्या दर्यावर्दींची जुनी पद्धत: दोर, शिडं आणि शिधा उंदरांपासून वाचायचा तर दुसरा उपाय नव्हता. मांजर प्रवास करत आलंच. फक्त प्रवासी म्हणून त्याची नोंद कुणी घेतली नाही. कामकरी प्राण्याचं जाणं-येणं वहीत चढत नाही, आणि ही नोंद नसणंच पुढे कायद्यातही उतरलं.

ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी १८९७ च्या सुमारास उभी राहिली. मुंबईची किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक पेढी. गाड्या बीबीसीआय रेल्वे चालवी. १९०० सालापर्यंत सुरतेजवळच्या उधन्यापासून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत रूळ पोचले आणि पुढे जळगावला जीआयपी रेल्वेच्या मुख्य मार्गाशी जोडले गेले. तो काळ विक्रम संवतातल्या छप्पन्न सालच्या दुष्काळाचा. कापूस, धान्य, पुढे मिरची, यांसाठी हा मार्ग होता. सरकारनं तो १९४२ मध्ये ताब्यात घेतला. या मार्गानं रनाळ्यासारख्या गावांना बाहेरचं जग जोडलं, आणि त्याबरोबर एक नवीन कायदाही दारात आणला: १८९० चा रेल्वे कायदा. त्याचं ७३ वं कलम प्राण्यांच्या वाहतुकीचं होतं. वाटेत प्राणी दगावला किंवा हरवला तर रेल्वेची जबाबदारी किती, याची मर्यादा तिथे ठरवली होती. हत्ती किंवा घोडा असेल तर डोईमागे ५०० रुपये. उंट किंवा शिंगाळं जनावर असेल तर ५० रुपये. गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा आणि इतर प्राणी यांना १० रुपये. मालकानं आधीच जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरला तरच ही मर्यादा ओलांडता येई. मांजराचं नाव या यादीत नाही. ते शेवटच्या 'इतर' मध्ये, दहा रुपयांच्या रकान्यात.

हे कलम वाचून कुणी म्हणेल की यात मांजराचा अवमान झाला असं मानणं भाबडेपणाचं आहे; कायदा भावना मोजत नाही, बाजारभाव मोजतो, आणि १८९० साली मांजराला बाजार नव्हताच. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. प्रवासातल्या प्राण्याची काळजी त्याच्या बाजारभावावरून ठरली. सारंगखेड्याची यात्रा पाहिली की हे स्वच्छ कळतं. शहादा तालुक्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा बाजार भरतो. देशाच्या निरनिराळ्या भागांतून घोडे तिथे येतात. घोडा वाहनात कसा चढवायचा, वाटेत किती वेळानं उतरवायचा, कुठे पाणी पाजायचं, पाय बांधायचे की मोकळे ठेवायचे, कुठल्या घोड्याशेजारी कुठला उभा करू नये, हे सारं ज्ञान या भागातल्या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. रनाळ्यापासून सारंगखेडं फार लांब नाही. प्राण्याला सुखरूप पोचवण्याची कला या जिल्ह्याला ठाऊक नव्हती, असं म्हणताच येणार नाही. ती पाचशे रुपयांच्या प्राण्यासाठी फुलली आणि दहा रुपयांच्या प्राण्यापर्यंत उतरली नाही. रेल्वेनं गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी खण ठेवला, त्याला आजही 'डॉग बॉक्स' म्हणतात. तो साहेबांच्या शिकारी कुत्र्यांसाठी होता. मांजर न्यायचं झालं तर टोपलीत, सामानाच्या दरानं, त्याच खणात किंवा त्याच्या शेजारी. प्राण्याचं वजन करून पावती फाडायची ही पद्धत तिथे रुळली, आणि पुढे विमान कंपन्यांनी ती जशीच्या तशी उचलली.

ताप्ती व्हॅली रेल्वे खान्देशात येत होती त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट रुळांवरून आली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, संशयितांना छावण्यांत ठेवलं जाऊ लागलं. प्रवासाला निघालेला जीव निरोगी आहे की नाही, हे सरकारी डॉक्टरानं पाहायचं आणि मगच त्याला पुढे सोडायचं, ही कल्पना आपल्या भागात माणसांवर आधी राबवली गेली; जनावरांच्या दाखल्यांचा विस्तार त्यानंतरचा. या साथीत मांजराचं सरकारी कागदांतलं स्थान क्षणभर बदललं. पॉल-लुई सिमों यानं १८९८ मध्ये उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं, आणि १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं केलं. मग वऱ्हाडात अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरं आणि तिथला प्लेग यांचा ताळा घेतला, आणि मांजरं भरपूर असलेल्या गावांना साथीची झळ कमी बसते असं मांडलं. १९०८ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मांजर हेच प्लेगवरचं औषध, आणि ते खेड्यांत वाढवलं पाहिजे, हा त्याचा सूर होता. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो आणि ते तो माणसाला देऊ शकतं. म्हणून ब्यूकॅनन यांचा उपाय जसाच्या तसा घ्यावा असं कुणी म्हणणार नाही. तरी मला त्यांच्या कामाचं मोल वाटतं. विदर्भातल्या खेड्यांतल्या साध्या घरगुती मांजरांची गणती करून, त्यांच्याकडे सार्वजनिक हिताचा भाग म्हणून पाहणारा सरकारी माणूस त्या काळात दुर्मीळ होता. पण त्यांच्याही लेखी मांजर हे साधन होतं, बरोबर नेण्याचा सोबती नव्हतं.

रोगाच्या भीतीची दुसरी बाजू सीमेवर दिसली. १८९८ साली पशुधन आयात कायदा झाला. बाहेरून येणाऱ्या जनावरांबरोबर रोग येऊ नये म्हणून आयातीवर बंधनं घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पशुधन कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत घोडे, गाईगुरं, उंट, मेंढ्या अशी नावं आहेत, आणि शेवटी सरकार अधिसूचनेनं ठरवील तो इतर कोणताही प्राणी. म्हणजे रेल्वे कायद्यानंतर आठ वर्षांनी झालेल्या या कायद्यातही मांजर मागच्या दारानंच आत आलं. आज परदेशाहून मांजर भारतात आणायचं तर याच कायद्याखाली पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते मांजर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद यांपैकीच एका ठिकाणी उतरवावं लागतं. सुरतेचा विमानतळ आता आंतरराष्ट्रीय झाला, तरी रनाळ्याचं परदेशी गेलेलं मांजर सुरतेत परत उतरू शकत नाही. उलट दिशेनं पाहिलं तर ब्रिटनची कडक रीत दिसते. त्या बेटानं रेबीज हद्दपार केला आणि तो परत येऊ नये म्हणून आधी कुत्र्यांना, १९२८ च्या आदेशानं मांजरांनाही सहा महिने बंदिस्त ठेवायला सुरुवात केली. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला घरचं मांजर न्यायचं तर पुढली ऐंशीहून अधिक वर्षं हीच अट होती. १ जानेवारी २०१२ पासून ती सैल झाली: शरीरात चिप, रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. ही प्रतीक्षा मात्र मांजरानं आपल्याच घरी काढायची. ऑस्ट्रेलिया आजही भारतातून थेट मांजर घेत नाही. आधी मान्य देशात राहून मग जावं लागतं. अमेरिकेत केंद्रीय रोगनियंत्रण संस्था मांजराकडून रेबीज लसीचा दाखला मागतच नाही, कुत्र्याकडून मागते. एकाच घरातली एक भाटी न्यू जर्सीला सहज जाते, लंडनला महिने मोजून जाते आणि मेलबर्नला जवळजवळ जातच नाही. या फरकाचं कारण विमान नव्हे. त्या त्या देशाच्या रोगाच्या आठवणी त्यामागे आहेत.

स्वतः विमानानं मांजराला कधी नाकारलं नव्हतं. ऑक्टोबर १९१० मध्ये वॉल्टर वेलमन यांनी 'अमेरिका' नावाचं हवाई जहाज घेऊन अटलांटिक ओलांडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यात किडो नावाचं मांजर होतं. जहाज समुद्रात सोडावं लागलं, माणसांबरोबर मांजरही वाचलं. त्याच वर्षी ऑगस्टात जॉन मॉयझंट पॅरिसहून लंडनकडे उडाले, तेव्हा मेकॅनिकबरोबर एक मांजरीचं पिल्लूही त्यांच्या विमानात होतं. अलाहाबादहून नैनीला पत्रं घेऊन पहिलं विमान उडालं ते फेब्रुवारी १९११ मध्ये, आणि जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. भारतातल्या विमानसेवेआधी मांजर आकाशात जाऊन आलं होतं. पण हे सारं वैमानिकाच्या मर्जीवर होतं. विमान हा धंदा झाला, तिकिटं विकू लागला, तेव्हा रेल्वेचाच प्रश्न त्याच्यापुढे आला: नुकसान झालं तर देणं किती? १९२९ च्या वॉर्सा करारानं उत्तर दिलं आणि १९३४ च्या कायद्यानं भारतानं ते स्वीकारलं. करारात तीनच गोष्टी होत्या: माणसं, सामान आणि माल. माणसामागे कमाल १,२५,००० फ्रँक. नोंदवलेल्या सामानाला आणि मालाला किलोमागे २५० फ्रँक. हाताशी ठेवलेल्या वस्तूंना प्रवाशामागे मिळून ५,००० फ्रँक. चार किलोचा बोका विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात गेला तर त्याची मर्यादा हजार फ्रँक. सारंगखेड्याचा उमदा घोडा असो की घरचं मांजर, करारानं दोघांनाही तराजूत टाकलं. रेल्वेच्या कलमात निदान प्राण्याचा वेगळा रकाना तरी होता. विमानाच्या करारात तोही उरला नाही.

मग आपल्याकडे मांजराचं नाव घेऊन नियम झाले तरी कधी? त्याचं उत्तर माकडांच्या वाहतुकीत आहे, आणि हा भाग लिहिताना मन दुखतं. पोलिओच्या लशीसाठी विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतातून लाल तोंडाची माकडं विमानानं अमेरिका-युरोपला जाऊ लागली. ऐन भरात वर्षाचा आकडा लाखाच्या घरात गेला. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर अशा एका खेपेतली जवळपास चारशे माकडं बंद वाहनात गुदमरून मेली. भारतात संताप उसळला, सरकारनं निर्यात थांबवली आणि नंतर अटी घालून परत सुरू केली. पिंजऱ्यात किती प्राणी, हवा किती, विमानतळावर किती वेळ, हे प्रश्न आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या टेबलावर गांभीर्यानं आले ते या मृत्यूंमुळे. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत प्राण्यांसाठी झगडत होत्याच. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यांच्या त्या झगड्याचं फळ. त्या कायद्याखाली १९७८ साली प्राणी वाहतूक नियम आले, आणि त्याच वर्षी माकडांची निर्यात कायमची बंद झाली. त्या नियमांचं दुसरं प्रकरण कुत्रे आणि मांजरांचं, तिसरं माकडांचं. रेल्वे, रस्ता, नदी, समुद्र, हवा, सगळ्या मार्गांना ते एकत्रच लागू होतात. प्रवासाआधी पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला हवा, आणि तो नसेल तर वाहकानं प्राणी स्वीकारायचाच नाही. दिवस भरत आलेली मांजरी न्यायची नाही. दूध न सुटलेली पिल्लं आईशिवाय दुसऱ्या मोठ्या मांजराबरोबर ठेवायची नाहीत. निघण्याआधी दोन तास खाणं-पाणी द्यायचं. एकदा स्वीकारल्यावर पुढच्याच गाडीनं किंवा विमानानं रवाना करायचं, ताटकळत ठेवायचं नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात मांजराला अंग टाकायला कागदाच्या कात्रणांचा थर द्यायचा, इतका बारकावा त्यात आहे. १८९० च्या 'इतर' रकान्यापासून या कात्रणांपर्यंत यायला आपल्याला ८८ वर्षं लागली.

आता आजच्याकडे. एअर इंडिया लहान प्राणी केबिनमध्ये बऱ्याच काळापासून नेते. अकासा एअरनं नोव्हेंबर २०२२ पासून कुत्री-मांजरं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा केबिनसाठी पिंजऱ्यासकट सात किलोची मर्यादा होती. इंडिगो मदतनीस कुत्र्यांखेरीज पाळीव प्राणी घेत नाही. जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून सेवा सुरू झाली ती वीसपेक्षाही कमी आसनांच्या विमानानं. अशा लहान विमानात मांजराला जागा मिळणं वैमानिकाच्या आणि कंपनीच्या इच्छेवरच. यावर एक सरळ आणि रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात बालकांचं कुपोषण हा दरवर्षीचा प्रश्न आहे, जिथून माणसं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, तिथे मांजराच्या विमानप्रवासाची चर्चा कशाला? हे शहरी घरांचं कौतुक झालं. मी या आक्षेपाला बाजूला सारणार नाही, पण त्याचा रोख चुकतो असं मला वाटतं. वर सांगितलेल्या नियमांचा पाया एकच आहे: नोंदणीकृत पशुवैद्याची सही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या ३० व्या कलमानं प्राण्याच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार फक्त त्यालाच दिला. आपल्या ग्रामीण भागात श्रेणी-१ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, त्याला ती सही करता येते. श्रेणी-२ च्या दवाखान्याचा कारभार पशुधन पर्यवेक्षकाकडे असतो, त्याला येत नाही. बाजाराला निघालेली शेळी, विकायला काढलेला बैल, सारंगखेड्याचा घोडा आणि विमानानं जाणारं मांजर, चौघांची वाट एकाच टेबलावरून जाते. त्या टेबलामागे डॉक्टर नसेल तर पहिलं नुकसान शेळीवाल्याचं होतं. मांजराचा दाखला सहज मिळणारं गाव शेळीचा दाखलाही सहज मिळणारं गाव असतं. आणि मायेचं म्हणाल, तर ती पैशावर ठरत नाही. गुजरातेत कामाला निघालेल्या कुटुंबातलं मूल ज्या मांजराला मागे सोडून जातं, त्याला ते मांजर शहरातल्या मुलाइतकंच प्यारं असतं.

शेवटचा आक्षेप कायद्याच्या जाणकारांकडून येतो. मांजराला सामान म्हटलं काय आणि प्रवासी म्हटलं काय, प्रत्यक्षात काय फरक पडतो? ते पोचलं म्हणजे झालं. फरक पडतो, आणि तो न पोचल्यावर दिसतो. २०१९ साली ब्वेनोस आइरेसहून बार्सिलोनाला निघालेली एक कुत्री विमानात चढवताना निसटली आणि हरवली. मालकिणीनं भरपाई मागितली, प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं, आणि १६ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल आला: वॉर्सा कराराच्या जागी आलेल्या माँट्रियल कराराच्या अर्थानं सोबत नेलेला पाळीव प्राणी 'सामान' या कल्पनेतच येतो, आणि आधी खास किंमत जाहीर केलेली नसेल तर सामानाचीच कमाल मर्यादा लागू होते. न्यायालयानं प्राणी हे जाणीव असलेले जीव आहेत हे मान्य केलं, वाहतुकीत त्यांच्या हिताची काळजी घ्यावी हेही सांगितलं. भरपाईचा हिशेब मात्र पेटीचाच राहिला. भारत २००९ पासून याच करारात आहे. आधी किंमत जाहीर करा, जादा पैसे भरा, नाहीतर ठरलेली मर्यादा, ही तर १८९० च्या ७३ व्या कलमाचीच रचना. सव्वाशेहून अधिक वर्षांत चलन बदललं, वाहन बदललं, न्यायालय बदललं, पण कलमाचा सांगाडा टिकला. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते दुरुस्त करता येण्याजोगं आहे असंही वाटतं, कारण हीच व्यवस्था १९७८ मध्ये एकदा हलली होती. वॉर्साचा मजकूर तेव्हा कुणी बदलला नव्हता. देशानं आपल्या हद्दीत वाहकावर कर्तव्यं घातली होती. तेच पुढे नेता येईल: प्रवासात दगावलेल्या किंवा हरवलेल्या प्राण्यांची नोंद कंपनीनं जाहीर करायची, अमेरिकेत २००५ पासून विमान कंपन्यांना ती द्यावी लागते, आणि पॅसेंजर गाडीत झाकणाच्या टोपलीतलं मांजर मालकाच्या मांडीवर किंवा पायाशी ठेवायला लहान स्टेशनावरही तिकीट-खिडकीवरच पावती मिळायची. रनाळ्याला ब्रेकव्हॅनमध्ये प्राणी चढवायला गाडी थांबते ती मिनिट-दोन मिनिटं, आणि पार्सलची सोय मोठ्या स्टेशनांवर. म्हणून मांजराच्या विमानप्रवासाचा सर्वांत अवघड टप्पा आजही रनाळे ते सुरत हाच आहे, सुरतेपुढचा नव्हे.